टाळूचं माप

१

सकाळी सहाला दीपमाला ड्युटीवर गेली की श्रेयाला उठवायचं, तिच्या तोंडातली प्लेट काढायला लावायची, ती ब्रशनं धुऊन डबीत ठेवायची, हे माझं काम. दीपमाला, माझी बायको, एसटीत कंडक्टर आहे. पैठणच्या गाडीवर असते. माझी औरंगपुऱ्यात डेंटल लॅब आहे. लॅब म्हणजे दोन टेबलं मावतील एवढी खोली, तीही जिन्याखाली. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि माझ्याकडं पाठवतात. मी त्या मापात स्टोन ओततो. प्लॅस्टरसारखीच पावडर असते, फक्त जास्त कडक होते. अर्ध्यापाऊण तासात पेशंटचा जबडा माझ्या टेबलावर तयार. त्यावर मग कवळी करायची, कॅप करायची, जे असेल ते. एकोणीस वर्षं हेच करतोय. माणसाचा चेहरा मी विसरतो, जबडा विसरत नाही.

श्रेया आमची एकुलती एक, दहा वर्षांची. तिचे वरचे दात पुढं आले होते म्हणून तिलाही मीच प्लेट करून दिली होती. तिनं हिरवा रंग मागितला, आत चमकी मागितली. सगळं घातलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पैठणला, दीपमालाच्या माहेरी गेलो होतो. तिचे मामा कडुबा शेतात एक पडलेलं शिरसाचं खोड फोडत होते. धरणाचं पाणी तिथून दिसतं. खोड आतून पांढरं पडून भुसभुशीत झालं होतं. ते उकललं तेव्हा आत सुपारीएवढी नाही, चांगली मुठीएवढी पोकळी निघाली आणि तिच्यात एक अळी. पांढरीशुभ्र, अंगठ्याएवढी जाड, तांबूस डोक्याची, कानासारखी वळून पडलेली.

मामा म्हणाले, हुमणी आहे, कोंबड्यांना टाका. पण तोवर श्रेयानं ती तळहातावर घेतली होती. मामांनी वाकून परत पाहिलं, पोकळीतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हुमणी नाय ही. अन् आत यायची वाटच नाय कुठं."

मी पाहिलं. खरंच नव्हती. पोकळी सगळीकडून बंद होती. मी म्हटलं, लहानपणी आत शिरली असेल, भोक बुजलं असेल. मामांना ते पटलं का नाही माहीत नाही. त्यांनी पुढचं खोड फोडायला घेतलं.

२

अळी आम्ही घरी आणली. मुकुंदवाडीत, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, आशाबाई म्हणून एक विधवा बाई आहेत, त्यांच्या घराचा वरचा मजला आमच्याकडं भाड्यानं आहे. दोन खोल्या आणि गच्ची. श्रेयानं मोबाइलवर शोधून काढलं की ही गेंडा भुंगेऱ्याची अळी असणार, शिंगवाला मोठा भुंगा होतो तिचा. काय खाते, किती ओल लागते, सगळं तिनं पाठ केलं. काचेची मोठी बरणी घेतली, मामांकडून गोणीभर आणलेला सडक्या लाकडाचा भुसा भरला, झाकणाला दाभणानं बारीक भोकं पाडली. भुसा मुठीत दाबला तर लाडू व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल. बरणी स्वयंपाकघरात मांडणीखाली, गार फरशीवर. अळीचं नाव गुंडी.

दर रविवारी मी तिला लॅबमधल्या काट्यावर तोलायचो. बावीस ग्रॅम, पंचवीस, जानेवारीच्या शेवटी एकतीस. खरं सांगायचं तर मला मजा यायची. दिवसभर मेलेल्या वस्तू हाताळायच्या, प्लॅस्टर, मेण, तारा. ही वाढत होती.

दीपमालाला ती आवडली नाही. तिनं कारण सांगितलं नाही, फक्त मांडणीवरची भांडी दुसरीकडं हलवली.

गुंडीचा आवाज होता. अळ्या जबडे घासून बारीक आवाज करतात, तेही श्रेयानंच वाचलं होतं. पण हा घासल्यासारखा नव्हता. टाळूला जीभ चिकटवून सोडली की होतो तसा, टक्. मग थोड्या वेळानं परत टक्. रेल्वे गेली की थांबायचा आणि खिडकीचं थरथरणं संपलं की परत सुरू. श्रेया बरणीजवळ बसून जिभेनं तसाच आवाज काढायची आणि आतून उत्तर यायचं. आम्ही दोघं हसायचो.

फेब्रुवारीत एकदा दुपारी मी जेवायला घरी आलो, हात धुताना तो टक् ऐकला आणि म्हटलं, "श्रेया, आधी गणवेश बदल." मग लक्षात आलं की शाळा सुटायला अजून तास आहे. आवाज बरणीतूनच आला होता, पण तो पहिल्यापेक्षा ओला होता. त्यात थुंकी होती. मी वाकून बरणीला कान लावला. काही नाही. भुशात पाणी जास्त झालं असेल असं मी ठरवलं आणि जेवलो.

३

मार्चच्या मध्यात गुंडीनं खाणं बंद केलं. काचेला लागूनच तिनं भुसा दाबून दाबून एक घर करायला घेतलं. कोष करायची वेळ आली की अळ्या असंच करतात, आतून भिंत गुळगुळीत लिंपतात आणि मग कात टाकतात. त्या दिवसांत हलवायचं नाही, उजेड पडू द्यायचा नाही. मी बरणीला काळा कागद गुंडाळला आणि झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावली.

श्रेया शाळेतून आली की तिथं जाऊन बसायची. एका दुपारी मी पाहिलं, तिनं कागद एका कोपऱ्यातून वर सरकवला होता आणि उघडं तोंड काचेला लावलं होतं. ओठ चपटे झाले होते, काच वाफेनं पांढरी झाली होती. गालाची हालचाल चालली होती.

मी विचारलं, काय करायलीस.

तिनं तोंड काढलं, बाहीनं पुसलं. "ती आता काही खात नाही, पप्पा. तिला फक्त जागा पायजे."

"जागा आहे की. तिनं केलीय."

"ती तिला पुरत नाही," ती म्हणाली, आणि गृहपाठाची वही घेऊन बसली.

हे मी दीपमालाला सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा वाटलं, कारण ती लगेच उठली. म्हणाली, उद्याच्या गाडीत बरणी घेऊन जाते, मामाकडं देते, जिथली तिथं राहू द्या. मी तिला समजावलं. आता हलवली तर घर ढासळेल, आतला जीव मरेल, पोरगी रडेल. महिनाभराचा प्रश्न आहे, भुंगा निघाला की आपणच सोडून येऊ. मी फार शांतपणे बोललो. तिनं माझं ऐकलं. ते मला आता रोज आठवतं.

४

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्लेट धुताना तिच्या आतल्या बाजूला, टाळूला चिकटते तिथं, मला तपकिरी चुरा दिसला. चहाच्या चोथ्यासारखा. बोटावर घेऊन वास घेतला. शिरसाच्या लाकडाचा होता. मी श्रेयाला रागावलो, भुशात हात घालून तोंडात घालू नको म्हणून. ती म्हणाली, मी बरणी उघडलीच नाही. झाकण पाहिलं. चिकटपट्टी मी लावली तशी होती.

दुसऱ्या दिवशी परत चुरा. तिसऱ्या दिवशी परत.

त्याच आठवड्यात बोलता बोलता तिची प्लेट खाली पडली. टाळूवर घट्ट बसलेली प्लेट अशी पडत नाही, ती काढताना नखानं ओढावी लागते. मी परत बसवली. तिनं "पप्पा" म्हणायला ओठ मिटले आणि उघडले, तेवढ्यात ती जिभेवर येऊन पडली. तारा तपासल्या, ठीक होत्या. प्लेट वाकली असेल म्हणून मी ती लॅबमध्ये नेऊन तिच्या जुन्या जबड्यावर बसवून पाहिली. श्रेयाचा पहिला जबडा मी शेल्फवर ठेवलेला आहे. त्यावर प्लेट चपखल बसली. म्हणजे प्लेट बदलली नव्हती.

रविवारी दीपमाला घरी होती. दुपारी श्रेया झोपली होती, दीपमाला तिच्या उशाशी बसून डाळ निवडत होती. मला हाक न मारता, हातानंच तिनं जवळ बोलावलं.

"तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

मी म्हटलं, नाही.

"मलाबी नाही," ती म्हणाली. "ही तोंड उघडं टाकून घोरायची. आता तोंड मिटून झोपती, अन् श्वासाचाबी आवाज नाही."

मी श्रेयाच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. गार होता, गच्चीवरच्या रिकाम्या माठात तोंड घातल्यावर लागतो तसा.

५

सोमवारी तिला डॉक्टर मॅडमकडं नेलं. या मॅडम माझ्याकडं बारा वर्षं काम पाठवतात, शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की दात उत्तम सरकलेत, प्लेट नवीन करावी लागेल. त्यांनी माप घेऊन दिलं. आणखी काही म्हणायचं होतं त्यांना, पण श्रेया शेजारी उभी होती.

लॅबमध्ये येऊन मी स्टोन ओतला आणि पाऊण तासानं माप सोडवलं.

दात श्रेयाचेच होते. एकेक दात ओळखीचा. पण टाळू कोरी होती.

माणसाच्या टाळूवर पुढच्या दातांच्या मागं आडव्या वळ्या असतात. जिभेनं चाचपून बघा, लागतील. बोटांच्या ठशांसारख्या त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि जन्मभर जात नाहीत. श्रेयाच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या वळीला पुढं दोन फाटे आहेत. मी तिच्या पहिल्या जबड्यावर ते मुद्दाम पाहिले होते, बापानं मुलीची पावलं पाहावीत तसे. नव्या जबड्यावर वळीच नव्हती, एकही नाही. अंड्याच्या कवचासारखी आतून गुळगुळीत टाळू.

माप घेताना हवा अडकली असेल. मटेरियल पातळ झालं असेल. मी मॅडमना फोन करून दुसरं माप मागितलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, श्रेयाला परत बोलावलं, बुधवारी माप माझ्या हातात दिलं. मी ओतलं. तसंच निघालं.

परत फोन केला. मॅडम म्हणाल्या, माप बरोबर आहे, तोंडातच तसं आहे, त्यांनी बोट फिरवून पाहिलंय. असं त्यांनी पूर्वी पाहिलेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवू, चिठ्ठी देते. मग त्यांनी विचारलं की घरात कुठं ओल, बुरशी असं काही आहे का, कारण मुलीच्या तोंडाला मातीचा वास येतो.

६

गुरुवारी सकाळी श्रेया शाळेत गेल्यावर मी मांडणीखालून बरणी ओढली. माझ्या मनात एकच विचार होता. भुशातली बुरशी पोरीच्या तोंडात गेली, त्यानं टाळूची कातडी झिजली. भुसा डॉक्टरांना दाखवायचा. बुरशीवर औषध असतं. मी जवळजवळ आनंदात होतो.

बरणी स्कूटरवर पायांपाशी ठेवून लॅबमध्ये नेली, शटर अर्धं ओढून घेतलं आणि काळा कागद सोडला.

काचेला लागून घर होतं. तिथं भिंत म्हणजे काचच असायला हवी होती, आतलं दिसायला हवं होतं. पण गुंडीनं काचेच्या बाजूनंही लिंपून घेतलं होतं. मी भुसा चमच्यानं काढत गेलो आणि शेवटी तो गोळा अखंड बाहेर निघाला. तपकिरी, कडक, वार्निश दिल्यासारखा. कुठंही भोक नव्हतं. तडा नव्हता. हलवला तर आत काही वाजलं नाही. मी बारीक करवतीनं त्याच्या बुडाला चकती कापली.

आत काही नव्हतं. भुंगा नव्हता, कोष नव्हता, टाकलेली कातही नव्हती. उरलेला सगळा भुसा मी वर्तमानपत्रावर चाळून पाहिला. गुंडी त्यातही नव्हती.

सगळीकडून बंद घर, आणि आतला जीव गेलेला. मी तिथं स्टुलावर बसून राहिलो. बाहेर रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, ती ऐकत. मग टॉर्च लावून पोकळीत पाहिलं. भिंत लिंपलेली होती, पण छताला गुळगुळीत नव्हती. काहीतरी उंचसखल होतं. उजेडात नीट उमजेना.

पोकळीत काय आहे हे बघायची मला एकच रीत येते.

७

स्टोन कालवला, गोळा थरथरणाऱ्या मशिनवर धरला, बुडबुडे जाऊ दिले, तोंडापर्यंत ओतला. पाऊण तास थांबलो. त्या पाऊण तासात मी दुसरं काम केलं, एका म्हाताऱ्याची कवळी घासली. हात व्यवस्थित चालत होते.

वरचं कवच फोडलं तेव्हा जे हातात आलं ते मी ओळखलं. कुणीही डॉक्टर मला रोज जे पाठवतो तेच. माप होतं. वरच्या जबड्याचं उलटं माप. कडेनं दातांचे खळगे, मधे फुगीर टाळू, तिच्यावर चरे.

अळी भिंत दाबताना तोंड वापरते, तिच्या तोंडाचे चरे उठणारच, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मग मी त्या मापाला, स्टोन चिकटू नये म्हणून, साबणाचं पाणी लावलं आणि त्यात पुन्हा स्टोन ओतला.

दुसरा पाऊण तास मी काही केलं नाही.

सोडवल्यावर टेबलावर एक जबडा होता. लहान मुलाचा, वरचा. पुढचे दोन दात थोडे बाहेर. मी शेल्फवरून श्रेयाचा पहिला जबडा काढून शेजारी ठेवला. कंपासनं मोजलं. दाढेपासून दाढेपर्यंत सारखं. पुढच्या दातांपासून मागच्या काठापर्यंत सारखं. डाव्या बाजूची दुसरी वळी पुढं जाऊन दोन ठिकाणी फुटत होती.

मी दोन्ही जबडे हातात घेतले आणि मला सांगता येईना की कोणता मी केलेला आहे.

८

घरी पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. आशाबाई खाली दारात वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, पोरगी शाळेतून आल्यापासून लई गुपचूप हाय, खायला दिलं तर नको म्हणली, पाणीबी नको म्हणली.

श्रेया स्वयंपाकघरात, जिथं बरणी असायची तिथं फरशीवर बसली होती. मला वाटलं होतं ती बरणीचं विचारील. तिनं विचारलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, तिचे केस विंचरलेले होते, गणवेश बदललेला होता. माझी मुलगी होती ती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो.

म्हटलं, "बाळा, आ कर. पप्पाला प्लेटचं बघायचंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. घाबरलेली नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून एखादी गोष्ट लपवावी, तशी बघत होती. "राहू द्या ना पप्पा," ती म्हणाली.

"आ कर."

तिनं डोळे मिटून आ केला.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. दात ठीक होते. जीभ ठीक होती. टाळू गुलाबी नव्हती. तपकिरी होती, लिंपलेली, कोरडी, आणि मातीचा गार वास माझ्या चेहऱ्यावर आला. मी हनुवटी धरून टॉर्च आत वळवला. जिथं टाळू संपून घसा लागतो, तिथं वरच्या अंगाला एक पोकळी होती. मी हजारो जबडे पाहिलेत. तिथं पोकळी नसते.

तिच्यात कुणीतरी होतं. दुधाळ, ओलं, दुमडून ठेवलेलं. पाय जोडीजोडीनं छातीशी घेतलेले, ते मला दिसले, मोजता आले असते. त्यांच्या वर जे होतं त्याबद्दल मी डॉक्टरांना काही सांगितलेलं नाही, दीपमालालाही नाही. किड्यांना पापण्या नसतात हे मला माहीत आहे. उजेड पडला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

मी टॉर्च बंद केला. श्रेयाची हनुवटी हळूच वर केली, ओठ मिटवले आणि तिच्या तोंडावर माझा तळहात ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही. आत काही पडू नये म्हणून, किंवा बाहेर येऊ नये म्हणून. ती स्वस्थ बसली होती. गालातून तळहाताला काही हालचाल लागत नव्हती, श्वाससुद्धा नाही.

जिन्यावर दीपमालाच्या चपला वाजल्या. आज ती लवकर आली होती. दारात पिशवी ठेवल्याचा आवाज झाला आणि तिनं हाक मारली, "श्रेया, कुठंयस गं?"

"इथंय मम्मी, पप्पाजवळ," श्रेया म्हणाली. तिचाच आवाज, स्वच्छ, रोजचा. माझ्या हाताखाली तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ते हलले नाहीत.

दीपमाला स्वयंपाकघराकडं यायला लागली. मी हात काढला नाही.